तीन बांगडे, आठ माणसं

कोकणचा किनारा नकाशावर सरळ रेघेसारखा दिसतो. गाडी घेऊन निघालं की कळतं, तो सरळ नाही. थोडं अंतर गेलं की खाडी आडवी येते. मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी, श्रीवर्धनच्या पुढे सावित्रीची बाणकोट खाडी, आणि दापोली तालुका संपतो तिथे वाशिष्ठीची दाभोळ खाडी. आता या तिन्ही ठिकाणी गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे. इकडचे लोक या बोटीला 'जंगलजेटी' म्हणतात. गाडी बोटीवर चढवायची, काठाला उभं राहून वारा खायचा, आणि थोड्याच वेळात पलीकडच्या तालुक्यात उतरायचं. मात्र बोट बंद असली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला पोहोचण्यासाठी दाभोळहून दापोली, खेड, चिपळूण करत शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो.

म्हणजे या किनाऱ्यावर माणूस अडकून पडणं ही काही नवी गोष्ट नाही. कधी वारा, कधी ओहोटी, कधी आगबोट चुकली. अडकलेला माणूस रात्री जेवला कुठे, हा प्रश्न इथल्या घरांनी पिढ्यानपिढ्या सोडवलेला आहे. तो कसा सोडवला जातो, हे आम्हाला २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत जवळून पाहायला मिळालं.

त्या वर्षी विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं. आम्ही पती-पत्नी दोघंही शिक्षक, त्यामुळे दोघांनाही निवडणुकीची ड्यूटी. ती आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी दोन मुलींना घेऊन मिरजेहून निघालो. गुहागरजवळ एका नात्यातल्या घरी निकाह होता. थेट चिपळूणमार्गे गेलो असतो तर एका दिवसाचं काम, पण मुलींना जंजिरा पाहायचा होता. म्हणून आधी वर मुरूडला गेलो आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली यायचं ठरवलं. गाडी आमचीच, जुनी. डिकीत निकाहच्या घरासाठी भडंगाचे पुडे आणि दोन किलो सांगलीची हळद.

जंजिऱ्याविषयी इथे फार लिहीत नाही. पाण्याच्या मधोमध उभा असलेला सिद्दींचा तो किल्ला पुष्कळांनी पाहिला आहे आणि त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलंही आहे. श्रीवर्धनला मुक्काम केला. शुक्रवारी सकाळी बाणकोटची खाडी ओलांडली तेव्हा नुसती भुरभुर होती. केळशी, आंजर्ले करत हर्णैला आलो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा मोठा लिलाव होतो, तो मुलींना दाखवायचा बेत होता. पण बंदरात होड्यांची गर्दी आणि किनाऱ्यावर शुकशुकाट. अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं वादळ तयार झालं होतं, कोणीच समुद्रात गेलं नव्हतं. मासळी नाही तर लिलाव कसला? जुम्याची नमाज झाली आणि आम्ही पुढे निघालो. पाऊस असा काही लागला की दापोलीपासून दाभोळचा तीसेक किलोमीटरचा रस्ता पार करायला दीड तास गेला. धक्क्यावर पोहोचलो तर बोट दुपारपासून बंद.

दाभोळ हे गाव अडकून पडायला वाईट नाही, हे आधी सांगून टाकतो. आज ते लहानसं, उतरणीवर वसलेलं, नारळी-पोफळीत बुडालेलं गाव दिसतं. पण बहमनी आणि विजापूरच्या काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, इथून हाजी जहाजात बसत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला होता, तोही परत जाताना इथूनच जहाजात बसून होर्मुझकडे गेला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे गाव जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. धक्क्यापासून जवळच विजापुरी धाटणीची दगडी मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. सांगतात की विजापूरची एक शहजादी हजला जायला निघाली होती. समुद्र धोक्याचा असल्याने तिला दाभोळातच थांबावं लागलं. मग हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीवर खर्च केला. कथेतलं किती खरं हे इतिहासकार पाहतील. आम्हाला एवढंच जाणवलं की या गावातली सर्वांत देखणी इमारत एका अडकून पडलेल्या मुसाफिराच्या नावाने ओळखली जाते.

मगरिबच्या नमाजसाठी मुलींचे अब्बू बंदराजवळच्या मशिदीत गेले. आम्ही मायलेकी गाडीत काचा वर करून बसलो. दापोलीला परत जायचं आणि एखादं लॉज शोधायचं, असं ठरलं होतं. नमाजहून परतताना त्यांच्याबरोबर एक गृहस्थ आले. चाळिशीचे, डोक्यावर टोपी, पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला. सफमध्ये शेजारी उभे होते, एवढीच ओळख. जहाजावर नोकरी करतात, दोन महिन्यांच्या रजेवर घरी आले आहेत, हे पुढे कळलं. त्यांनी गाडीच्या काचेपाशी वाकून सलाम केला आणि म्हणाले, "आपा, रस्त्यात झाडं पडलीत म्हणतात. लहान मुली बरोबर आहेत. घर वरच आहे."

आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "सरांना सांगून झालंय माझं." आणि छत्री धरून पुढे चालायला लागले.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण ती सगळेच पुरुष करत नाहीत. घराच्या पडवीत आम्हाला बसवून ते आधी आत गेले. स्वयंपाकघरात काय आहे हे विचारलं, आणि परत येऊन गप्पा मारत बसले नाहीत. पायजमा आणखी दुमडून नारळ सोलायला बसले. मेहमाननवाजीवर बोलणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मेहमान घेऊन येणारेही पाहिले आहेत. मेहमान आणल्यावर खवणीवर बसणारे फार कमी.

चिऱ्याचं जुनं घर. पडवी, माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्याही मागे पावसात न्हाऊन निघालेली विहीर. वीज दुपारीच गेलेली. घरात त्यांची वालिदा, ज्यांना आमच्या मुली पाच मिनिटांत दादी म्हणू लागल्या. त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या भाभी. नऊ वर्षांचा एक मुलगा, आणि भाभींच्या कडेवर सात महिन्यांचं तान्हं बाळ. जेवणारी माणसं चार. आम्ही चौघं मिळून आठ.

आणि पातेल्यात तीन बांगडे.

समुद्र बंद असताना तेवढे मिळाले हेच नशीब, असं दादी म्हणाल्या. तीन बांगड्यांचे सहा तुकडे: तीन डोक्याकडचे, तीन शेपटीकडचे. त्याचं नारळातलं सालन, चौघांपुरता भात, सहा-सात तांदळाच्या भाकऱ्या. एवढं चौघांना भरपूर होतं. आमच्या मुली आणि आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाट टाकून बसलो. मदत करू दिली नाही, पण बघायला मनाई नव्हती. दोन गृहिणी एका चुलीपाशी असल्या की संकोच फार वेळ टिकत नाही. शेवटी लसूण सोलायचं काम मिळालं.

आम्हा घाटावरच्या लोकांची अशा वेळची सवय म्हणजे रश्श्यात तांब्याभर पाणी. भाभींनी ते केलं नाही. आधी झाऱ्याने बांगड्याचे तुकडे एकेक करून उचलले आणि ताटलीत काढून ठेवले. बांगडा शिजला की नाजूक होतो. तसंच पातेलं पुन्हा उकळलं असतं तर मासा मोडून काटे रश्शात फिरले असते, आणि लहान मुलांना वाढायची सोय राहिली नसती. वीज नव्हती म्हणून मिक्सर नव्हता. कोपऱ्यातला पाटा धुतला. खवलेला नारळ, धणे, भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, हळद. नारळाचा पहिला दाट रस काढून बाजूला ठेवला आणि राहिलेला चोथा मसाल्याबरोबर गंधासारखा वाटला. हे वाटण जुन्या रश्शात घातलं, मग पाणी, मग चार आमसुलं. त्या म्हणाल्या, "आपा, नुसतं पाणी वाढवलं की मीठ, तिखट, आंबट तिन्ही पळतात. पाण्याबरोबर मसाला वाढला पाहिजे." शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावलं, म्हणजे रस्सा भातावर बसतो, ताटात पळत नाही. उकळी आली, चव घेतली, आणि मग मासळीचे तुकडे परत सोडून आच बंद. झाकणाखालच्या वाफेवर ते गरम झाले.

दुसऱ्या शेगडीवर भाताचं आधण. मागच्या चुलीवर दादींनी सुकट कोरडी भाजायला घेतली. पावसाळ्याच्या आधी वाळवून डब्यात भरलेली सुकट या घरांमध्ये आपल्याकडच्या पिठल्याच्या जागी असते. काहीच नसलं तरी ती असते. भाजून, धुऊन, कांदा आणि दोन वांग्यांबरोबर परतली. वास असा सुटला की आमची धाकटी, जी घरी मासळीला नाक मुरडते, ती उठून चुलीपाशी जाऊन उभी राहिली. खुराड्यातल्या कोंबड्यांची तीन अंडी होती, त्यात कांदा-कोथिंबीर घालून मोठी पोळी झाली. काढून ठेवलेल्या नारळाच्या दाट रसात आमसुलाचं पाणी, लसूण, मीठ, म्हणजे सोलकढी. भाकरीसाठी पाण्याला उकळी आणून त्यात पीठ सोडलं आणि गरम असतानाच मळलं. तांदळाच्या पिठाला ताण नसतो, उकड नीट निघाली नाही तर भाकरी थापताना चिरते. भाभींच्या हातांना ती वाफ जाणवत नसावी.

पाऊण तासात एवढं झालं. पण खरा हिशेब पुढे होता.

भात वाढतो, रस्सा वाढतो, कढी वाढते. तुकडा वाढत नाही. आपल्याकडे मटणाच्या बोटीचंही तेच. पाच बोट्या आणि नऊ माणसं असली की घरातली बाई डोळ्यांनीच मोजते, कोणाच्या ताटात काय जाणार ते ठरवते, आणि त्या मोजणीत स्वतःला धरत नाही. हे आम्ही आमच्या आईकडे पाहिलं, सासरी पाहिलं, स्वतःही केलं. त्यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटत नाही, करणारीलाही नाही. त्यामुळे सहा तुकडे आठ माणसांत कसे जाणार हे आम्ही मनातल्या मनात मांडलं. दोन पुरुषांना दोन, तीन मुलांना तीन, एक आम्हाला. दादी आणि भाभी रश्श्याशी भात खाणार.

तसं झालं नाही. दस्तरखान अंथरण्याच्या आधी, बाहेर एकही भांडं जाण्याच्या आधी, दादींनी एक ताट घेतलं. त्यात भात, दोन भाकऱ्या, वाटीत सालन आणि बांगड्याचा डोक्याकडचा मोठा तुकडा, चमचाभर सुकट. वर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते फडताळात ठेवून दिलं. आम्हाला वाटलं, शेजारी कोणाला द्यायचं असेल.

मग बाहेर वाढलं गेलं. कंदिलाच्या उजेडात पडवीत पुरुष आणि मुलं बसली. दोन पुरुषांना एकेक तुकडा. तिन्ही मुलांत दोन तुकडे, काटे काढून, वर अंड्याची पोळी. ती दिसल्यावर मासळी किती आली याकडे मुलांचं लक्षच राहिलं नाही. मुलींच्या अब्बूंनी नंतर सांगितलं की यजमानांनी आपला तुकडा दोनदा त्यांच्या ताटात सरकवला आणि यांनी दोनदा परत केला. शेवटी तो अर्धा-अर्धा झाला.

आत आम्ही तिघी. राहिलेल्या एका तुकड्यावरून आमची आणि दादींची तीच ओढाताण झाली आणि तसाच निकाल लागला. भाभी बाळाला पाजायला उठल्या. परतल्या तेव्हा दादींनी फडताळातलं ताट काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

आम्ही दादींकडे पाहिलं असावं. त्या हसल्या.

दादी १९६२ च्या सुमारास या घरात लग्न होऊन आल्या. तेव्हा मुंबईहून आगबोटी येत. पावसाळ्याचे महिने सोडले तर हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा एकेक बंदराबाहेर थांबत आणि उतारू होड्यांतून किनाऱ्यावर येत. बोट उशिरा आली की आतल्या गावांच्या लोकांना रात्री पुढे जायला काही साधन नसे. दादींच्या सासऱ्यांचं घर बंदरापासून पहिल्या चढावर. ते इशाची नमाज पढून येताना ज्याला जागा नाही त्याला घेऊन यायचे. हिंदू असो, मुसलमान असो. मासळी न खाणारा असला तर त्याला पोहे, दूध, केळी आणि पडवीत बिछाना. "चांगला माणूस," दादी म्हणाल्या. "अल्ला त्यांना जन्नत देवो. पण घरात सून मी एकटी." तांदूळ वाढवायचा, सालन वाढवायचं, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी राहील त्यात आपलं भागवायचं. पुष्कळ रात्री मिठाची पेज. तक्रार केली नाही, कारण ही तक्रार करायची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. मग पहिल्या बाळंतपणाच्या आधी, सहावा महिना असताना, सलग तीन रात्री मेहमान झाले आणि चौथ्या दिवशी सकाळी विहिरीवर कळशी भरताना त्यांना चक्कर आली. शेजारणीने पदराला धरलं म्हणून वाचल्या.

"त्या रात्री सासूबाईंनी पहिलं ताट माझं काढलं," दादी म्हणाल्या. "सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून या घरात मेहमान आला की आधी रांधणारीचं ताट झाकतात. मग दस्तरखान."

भाभी खाली मान घालून जेवत होत्या. आमच्या थोरलीने विचारलं, "दादी, मग तुमचं ताट कोण झाकतं?" दादी म्हणाल्या, "मी आता रांधत कुठे गो? नुसती सुकट भाजते." आणि तिच्या ताटात भाकरीचा तुकडा टाकला. "जेव गो."

मेहमानाच्या हक्काबद्दल आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून सांगितलं जातं. दोघांचं जेवण तिघांना पुरतं आणि तिघांचं चौघांना, ही प्रेषितांची (स.) शिकवण कोणाला ठाऊक नाही? शोरबा करताना पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांचा विचार करा, हेही. आणि त्या अन्सारी पती-पत्नीची हकीकत तर प्रत्येक आई सांगते. घरात फक्त मुलांपुरतं जेवण, तरी त्यांनी मुलांना निजवलं, दिवा मालवला आणि आपणही जेवत आहोत असं भासवून मेहमानाला पोटभर खाऊ घातलं. ही हकीकत आम्ही वर्गातही सांगतो. सांगताना एक गोष्ट मात्र निसटते. त्या रात्री उपाशी राहिले ते दोघंही. नवरा जेवला आणि बायको उपाशी राहिली, असं नाही. दिवा दोघांच्या संमतीने विझला होता.

आणि दुसरी एक हकीकत तितकी सांगितली जात नाही. हजरत सलमान फारसी (रजि.) आपले भाऊ मानलेले हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले. तिथे त्यांना उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या, स्वतःकडे लक्ष नसलेल्या अवस्थेत दिसल्या. अबू दरदांनी जेवण मांडलं आणि म्हणाले, तुम्ही खा, माझा रोजा आहे. तो नफिल रोजा होता. सलमान म्हणाले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. मग अबू दरदा जेवले. पुढे सलमान यांनी त्यांना समजावलं की तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या जिवाचा आहे आणि तुमच्या घरच्यांचाही आहे. प्रेषितांच्या (स.) कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी सलमान खरं बोलले असं सांगितलं. इथे घरच्यांच्या हक्काची आठवण करून देणारा माणूस स्वतः मेहमान आहे. एवढं जर मेहमानाने पाहिलं, घरातल्या बाईच्या चेहऱ्याकडे आणि पातेल्याच्या तळाकडे, तर अर्धं काम होतं. आपल्याकडे मेहमान 'आणखी घ्या' ची वाट पाहत बसतो आणि दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतो. पुरुष आधी जेवतात त्या घरांत तर तिसऱ्यांदा घेतलेलं नेमकं कोणाच्या वाट्याचं होतं, हे त्याला कधी कळतच नाही.

आमच्या घाटावर वाढवायच्या युक्त्या वेगळ्या. समुद्र नाही, नारळ विकतचा. मिरज-सांगलीकडे अचानक कोणी आलं की पिठलं. कांदा, मिरची, बेसन, दहा मिनिटं. मटण कमी आणि माणसं जास्त असली की दालचा. हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा, चिंच, आणि त्यात पावभर मटणही आठ-दहा जणांना चव देऊन जातं. दुध्याची फोड चोखायला मिळाली की बोटीची आठवण कमी होते. प्रेषितांना (स.) दुधी आवडे, ते ताटात त्याच्या फोडी शोधून खात, हे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेलं आहे. त्यामुळे दालचाला 'पातळ केलंय' असं नाव ठेवायची कोणाची हिंमत नसते. वरणाचं मात्र भाभींच्या सालनासारखंच. पाणी घातलं तर रवीने पुन्हा घुसळून, जिरं-लसणाची दुसरी फोडणी द्यावीच लागते, नाहीतर पाणी घातल्याचं पहिल्या घासाला कळतं. आणि हो, आता शहरात मेहमान फोन करून येतो म्हणतात. बहुतेकदा तो फोन कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेला असतो. मग कोणीतरी मोबाइलवरून बिर्याणी मागवतो. ती चांगली सोय आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. बाईचा पाऊण तास वाचतो.

सकाळी पाऊस ओसरला होता, वारा होता. बोट दहाच्या पुढे सुरू होईल असं धक्क्यावरून कळलं. भाभी अंगणात पडलेल्या झावळ्या ओढत होत्या. पैशाचं नाव काढायची सोय नव्हती. डिकीतून एक किलो हळद काढली, भडंगाचे दोन पुडे काढले. हळदीचा वास घेऊन दादी म्हणाल्या, सांगलीची का? मग फडताळातून वर्तमानपत्रात बांधलेली सुकट आमच्या हातात आली, आणि बरोबर आमसुलं. म्हणजे निघताना आमची बाजू पुन्हा हलकीच राहिली. निकाहच्या घरी अर्धी हळद कमी का, हे दोन दिवस सांगत बसावं लागलं.

मिरजेला परत आल्यावर ताट झाकायची गोष्ट मुलींनी आधी त्यांच्या दादींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना सांगितली. अम्मींना ती पटली नाही. मेहमान बसलेला असताना आधी घरच्या माणसाचं वाढून ठेवायचं, ही कुठली तहजीब? कोकणात चालत असेल. आम्ही वाद घातला नाही. अम्मींनी स्वतःच्या उमेदीत किती रात्री काय खाल्लं, हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलेलं नाही.

त्याच थंडीत एका रात्री मुलींच्या अब्बूंचे तीन जुने सहकारी दारात आले, कोल्हापूरहून परतताना. आठ वाजून गेलेले. मटण अर्धा किलो, घरची माणसं पाच. डाळ शिजायला टाकली, दुधी चिरला. दालचा उतरला तसे मुलींचे अब्बू आत आले, मांडणीवरचं ताट घेतलं, त्यात भात आणि दालचा वाढला, चमच्याने शोधून दोन बोट्या घातल्या आणि वर ताट पालथं घातलं. अम्मी दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पुरुषमंडळी जेवायला बसली, मुली पाणी घेऊन गेल्या. तेवढ्यात अम्मींनी वरचं ताट उचलून आत पाहिलं.

"लिंबू ठेवलं नाही," त्या म्हणाल्या, आणि विळी पुढे ओढली.